झूम आयपीस: कडं किती फिरवायचं आणि कुठे थांबायचं

आयपीस म्हणजे दुर्बिणीत डोळा लावतो तिथला भिंगांचा संच; झूम आयपीसमध्ये कडं फिरवून त्याचं विशालन बदलता येतं. असा झूम नवीन हातात आला की बहुतेक जण कडं थेट शेवटच्या खुणेपर्यंत, म्हणजे ८ मिमीपर्यंत, फिरवून टाकतात. ग्रह मोठा दिसतो खरा, पण मलूल आणि थरथरता. फोकस धड लागत नाही आणि दीड मिनिटात ग्रह दृश्याबाहेर सरकतो. मग झूममध्ये दम नाही असं ठरवून तो डब्यात जातो. झूम खरा उपयोगी पडतो तो वेगळ्याच कामाला: समोरची वस्तू, आपली दुर्बीण आणि त्या रात्रीची हवा या तिघांना मानवेल असं विशालन शोधायला. त्यासाठी कडं हळू फिरवावं लागतं, आणि योग्य जागी थांबावं लागतं. ती जागा कशी ओळखायची, त्यासाठी हा लेख.

आधी थोडं गणित

विशालन काढायला एकच भागाकार लागतो. दुर्बिणीच्या मुख्य आरशाच्या किंवा भिंगाच्या नाभीय अंतराला (फोकल लेंथला) आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचं. उदाहरणासाठी २०० मिमी व्यासाचा आरसा आणि १२०० मिमी नाभीय अंतर असलेली डॉब्सोनियन दुर्बीण धरू. १२०० ला २०० ने भागलं की ६ येतात, म्हणून ही एफ/६ दुर्बीण. तिला ८ ते २४ मिमीचा झूम लावला तर २४ च्या खुणेवर विशालन ५० पट, २० वर ६०, १६ वर ७५, १२ वर १०० आणि ८ वर १५० पट मिळतं.

खुणांमधलं अंतर सारखं दिसलं तरी विशालन सारखं वाढत नाही. २४ वरून २० वर येताना ते फक्त १० पटींनी वाढतं, १२ वरून ८ वर जाताना मात्र ५० पटींनी. म्हणून सुरुवातीला कडं मोकळेपणाने फिरवलं तरी चालतं. १२ च्या पुढे केसाकेसाने. ग्रहांसाठी नेमकं विशालन बहुतेक वेळा याच शेवटच्या टप्प्यात सापडतं.

आता झूमची दुखरी बाजू. आयपीसमधून पाहताना जो गोल दिसतो तो डोळ्याला किती रुंद वाटतो, त्याला भासमान दृश्यक्षेत्र म्हणतात. साध्या ८–२४ मिमी झूममध्ये ते २४ ला सुमारे ४० अंश आणि ८ ला सुमारे ६० अंश असतं. म्हणजे जिथे आकाशाचा मोठा तुकडा हवा असतो, नेमका तिथेच गोल अरुंद होतो आणि नळीतून पाहिल्यासारखं वाटतं. या अंशांना विशालनाने भागलं की आकाशाचा प्रत्यक्ष किती भाग दिसतो ते कळतं. आपल्या दुर्बिणीत २४ ला ४० भागिले ५०, म्हणजे ०.८ अंश, ८ ला ६० भागिले १५०, म्हणजे ०.४ अंश. विशालन तिप्पट झालं, पण दिसणारा आकाशाचा तुकडा रुंदीला फक्त निम्मा झाला.

याच दुर्बिणीत ३२ मिमीचा साधा प्लॉसल आयपीस लावला तर सुमारे १.३ अंश दिसतात. क्षेत्रफळाच्या हिशेबाने हा झूमच्या अडीचपटीहून जास्त आकाशाचा तुकडा झाला. वस्तू शोधण्याच्या कामात हा फरक फार मोठा आहे. झूमबरोबर कमी विशालनाचा एक रुंद आयपीस ठेवाच, असं आमचं ठाम मत आहे. एकट्या झूमवर सगळी रात्र काढणारे निम्मा वेळ वस्तू हुडकण्यात घालवतात. कृत्तिकेचा पसारा सुमारे २ अंशांचा आहे आणि देवयानी दीर्घिका ३ अंशांच्या आसपास पसरलेली आहे. ०.८ अंशांच्या खिडकीतून त्यांचे फक्त तुकडे दिसतात.

झूमचा गोल असा का आखडतो? आयपीसच्या आत भिंगांचे किमान दोन गट असतात. खालचा गट प्रकाश पसरवणारा, वरचा तो गोळा करून डोळ्यापर्यंत पोचवणारा. कडं फिरवलं की मळसूत्री खाचांमुळे या गटांमधलं अंतर बदलतं आणि सगळ्या संचाचं नाभीय अंतरही बदलतं. २४ ला ६० अंशांचा गोल द्यायचा तर खालून सुमारे २५ मिमी रुंदीची प्रतिमा आत घ्यावी लागेल. आयपीस ज्या सव्वा इंची नळीने दुर्बिणीत बसतो तिच्यात प्रतिमेला मिळणारी मोकळी जागाच जेमतेम २७ मिमी असते, आणि झूममध्ये त्याच नळीत सरकणाऱ्या गटाची भिंत आणि खाचाही बसवायच्या असतात. म्हणून रचनाकार रुंद टोकाला कात्री लावतात. महाग झूममध्ये कात्री कमी लागते. बाडरच्या हायपेरियन ८–२४ मध्ये भासमान क्षेत्र सुमारे ४८ ते ६८ अंश आहे. लायकाच्या ८.९–१७.८ मिमी झूममध्ये ते ६० ते ८० अंश आहे, पण त्यासाठी झूमचा पल्ला तिपटीऐवजी दुपटीवर आणला आहे.

दृश्यक्षेत्र स्वतः मोजा

खोक्यावर छापलेल्या अंशांवर विसंबू नका. मोजणं सोपं आहे. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा घ्या. मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे आहेत ना, त्यातला सर्वांत पश्चिमेचा, म्हणजे तिघांत आधी उगवणारा, जवळपास बरोबर विषुववृत्तावर आहे. दुर्बिणीची मोटर असेल तर बंद करा. तारा दृश्याच्या एका कडेवर आणा आणि तो मधोमध आडवा जाऊन दुसऱ्या कडेला नाहीसा होईपर्यंतचा वेळ मोजा. असा तारा १ मिनिटात १५ कला सरकतो, आणि ६० कलांचा १ अंश. आपल्या उदाहरणात २४ ला ३ मिनिटं १२ सेकंद लागायला हवेत, ८ ला १ मिनिट ३६ सेकंद. तारा मधून न जाता बाजूने गेला तर वेळ कमी भरतो, म्हणून तीनदा मोजून सर्वांत जास्त वेळ धरा.

कडं फिरवलं की आकाश काळं का होतं

झूमची खरी गंमत इथे आहे, आणि सुट्या, म्हणजे एकाच नाभीय अंतराच्या, आयपीसमध्ये ती इतकी स्पष्ट कधीच जाणवत नाही.

आयपीसमधून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी, म्हणजे एक्झिट प्युपिल, काढायची तर आयपीसच्या नाभीय अंतराला दुर्बिणीच्या एफ आकड्याने भागायचं. एफ/६ ला २४ वर ४ मिमी, १२ वर २ मिमी, ८ वर १.३ मिमी. हे डोळ्यांनी पाहताही येतं. दिवसा दुर्बीण सूर्यापासून पूर्ण विरुद्ध बाजूच्या उजळ आकाशाकडे वळवा आणि आयपीसपासून २५–३० सेंमी मागे सरून पाहा. भिंगावर एक छोटी पांढरी टिकली तरंगताना दिसेल. कडं फिरवाल तशी ती लहान-मोठी होते.

२४ वरून ८ वर जाताना ही टिकली रुंदीला एक तृतीयांश होते, म्हणजे क्षेत्रफळाने एक नवमांश. आकाशाची पार्श्वभूमी म्हणजे पसरलेला उजेड, त्यामुळे ती ९ पट अंधारते. तारा मात्र बिंदू आहे. मध्यम विशालनापर्यंत तो बिंदूच राहतो आणि त्याचा सगळा प्रकाश त्या बिंदूतच राहतो. पार्श्वभूमी विझत जाते, तारे तेवढेच तेजस्वी राहतात, आणि आधी न दिसणारे अंधूक तारे एकेक करून वर येतात. शौरी तारकासमूहातला एम १३ हा बंदिस्त तारकागुच्छ यासाठी उत्तम. २०० मिमी दुर्बिणीत, अंधाऱ्या आकाशाखाली, २४ ला तो दाणेदार धुक्यासारखा दिसतो. १२ पर्यंत येईतो कडेचे तारे सुटे होतात. ८ च्या आसपास गाभ्यातही टिपके चमकायला लागतात. डोळा न हलवता हा बदल होताना पाहायला मिळणं ही झूमची देणगीच आहे.

तेजोमेघ आणि दीर्घिका यांचा हिशेब वेगळा. त्याही पसरलेल्या असतात, त्यामुळे आकाशाबरोबर त्यांचा उजेडही तितकाच उतरतो. तरीही विशालन वाढवल्यावर बऱ्याच अंधूक वस्तू जास्त सोप्या दिसतात, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्याला लहान पुसट ठिपक्यापेक्षा मोठा पुसट डाग लवकर कळतो. एका मर्यादेपलीकडे मात्र डाग इतका मंद होतो की डोळा त्याला सोडून देतो. ही मर्यादा प्रत्येक वस्तूची वेगळी आहे. लहान दीर्घिकांसाठी २ मिमीच्या आसपासचा झोत बहुधा चांगला ठरतो, म्हणजे एफ/६ दुर्बिणीत १२ ची खूण, एफ/५ मध्ये १० ची. तिथून सुरुवात करून दोन्ही बाजूंना थोडं फिरवून पाहा.

स्वरमंडलातला एम ५७ हा कंकणाकृती तेजोमेघ जेमतेम सव्वा कलेचा आहे. २४ ला तो किंचित सुजलेल्या ताऱ्यासारखा दिसतो आणि नवखा माणूस त्यावरून पुढे निघून जातो. तो जिथे असायला हवा तो भाग मधे आणून कडं १२ पर्यंत फिरवा. तारे बिंदूच राहतात, तो एकटा फुगतो आणि मधली पोकळी दिसू लागते. आकाशात लहान ग्रहीय तेजोमेघ ओळखायची ही फार भरवशाची रीत आहे.

ग्रह आणि जोडतारे

गुरूचं बिंब जवळ असताना साधारण ४५ विकलांचं असतं (६० विकलांची १ कला). ४० पटींना ते नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढं होतं. आपल्याला ते तेवढं मोठं वाटत नाही, पण मोजमाप तसंच आहे. म्हणजे २४ च्या खुणेवरही पट्टे दिसायला हवेत. नाही दिसले तर आयपीसला दोष देण्याआधी फोकस, दुर्बिणीचं तापमान आणि ग्रहाची उंची तपासा. २०० मिमीचा आरसा बाहेरच्या हवेएवढा थंड व्हायला पाऊण ते एक तास लागू शकतो. ग्रह क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली असेल तर जाड हवेतून बघावं लागतं आणि कोणत्याही आयपीसने फार फरक पडत नाही.

ग्रह पाहताना क्रम असा ठेवा. २४ ला ग्रह मधोमध आणा. कडं सरळ ८ पर्यंत न्या आणि तिथे फोकस बारकाईने लावा. आता उलट दिशेने, हळूहळू, २४ कडे या. प्रतिमा लहान होत जाईल, पण एका जागी ती अचानक घट्ट वाटेल: पट्ट्यांच्या कडा स्पष्ट, बिंबाची किनार शांत. तिथे थांबा आणि निदान पाच मिनिटं पाहत राहा. हवा क्षणभर स्थिर होते तेव्हा जे दिसतं तेच खरं दृश्य, आणि त्यासाठी थांबावं लागतं. त्या क्षणांमध्ये प्रतिमा अजूनही रेखीव असेल तर कडं जरा पुढे सरकवा. विशालन वाढवूनही नवा तपशील दिसेनासा झाला, फक्त आकार वाढतोय, की एक पाऊल मागे. हवा तासातासाला बदलते, म्हणून ही जागाही बदलते.

फोकस ८ ला का लावायचा? आयपीसचं नाभीय अंतर जास्त असलं की फोकसमधली चूक डोळा स्वतः सांभाळून घेतो आणि आपल्याला ती कळतच नाही. फोकसर, म्हणजे आयपीस आतबाहेर सरकवून फोकस लावायची यंत्रणा, ०.१ मिमी चुकला तर २४ ला डोळ्याला फक्त ०.१७ डायॉप्टरची (चष्म्याचा नंबर याच एककात असतो) चूक भासते, ८ ला सुमारे १.६ डायॉप्टरची. तेवढीच चूक, पण ९ पट तीव्र. त्यामुळे २४ ला अगदी छान फोकस लावून ८ वर गेलात की चित्र धूसर होतं. उलट क्रमाने आलात तर फारसं काही बिघडत नाही. टेली व्ह्यूचा ३–६ मिमी नागलर झूम पूर्ण पल्ल्यात फोकस टिकवतो आणि त्याचं भासमान क्षेत्रही ५० अंशांवर कायम राहतं. साध्या झूमकडून ही अपेक्षा ठेवू नका. थोडा फोकस हलणारच, तो दोष नव्हे.

जोडताऱ्यांसाठी झूमइतकं सोयीचं साधन नाही. अभिजितजवळचा एप्सिलॉन लायरी घ्या. कमी विशालनात ३.५ कला अंतरावरचे दोन तारे दिसतात, आणि त्यातला प्रत्येक पुन्हा जोडतारा आहे. त्या आतल्या जोड्यांमधलं अंतर सुमारे २.३ विकला. ५० पटींना हे अंतर डोळ्याला २ कलांपेक्षा कमी वाटतं आणि तारे फार तर लांबट दिसतात. १०० पटींना ते ४ कलांच्या जवळ जातं आणि बारीकशी काळी फट उघडते. १५० ला चारही तारे सुटे. कोणत्या आकड्याला फट उघडली ते टिपून ठेवलंत तर हवेची प्रत मोजायला ती एक पट्टीच होते.

चंद्र २४ ला अख्खा दिसतो, कारण तो अर्ध्या अंशाचा आहे आणि खिडकी ०.८ अंशांची. ८ ला तो मावत नाही, विवरांच्या सावल्या मात्र उलगडतात. मृगातल्या तेजोमेघाचे पंख २४ ला पाहा. त्याच्या पोटातले चार तारे ८ ला, आणि हवा स्थिर असेल तर त्यांच्याजवळचे दोन मंद सोबतीही.

कोणत्या दुर्बिणीला कसा बसतो

४०० मिमी नाभीय अंतराच्या छोट्या अपवर्ती (भिंगाच्या) दुर्बिणीत ८–२४ झूम १७ ते ५० पटींचाच पल्ला देतो. आकाश भटकायला झकास, ग्रहांना तोकडा. १३० मिमी व्यासाच्या ६५० मिमी न्यूटोनियनमध्ये (आरशाच्या दुर्बिणीत) २७ ते ८१ पट. या दोघींना दुप्पट बार्लो, म्हणजे आयपीसच्या आधी लावायचं विशालन दुप्पट करणारं भिंग, हवा. बार्लो लावला की ८–२४ चा ४–१२ होतो, आणि ६५० मिमीला १६२ पटींपर्यंत पोचता येतं. १२७ मिमी व्यासाच्या, १५०० मिमी नाभीय अंतराच्या माक्सुतोव्हमध्ये (आरसा आणि भिंग दोन्ही असलेल्या आखूड दुर्बिणीत) उलट परिस्थिती. ८ ला १८८ पट होतात, बार्लोची गरज नाही. पण २४ लाही ६२ पट आणि दोन-तृतीयांश अंशाचीच खिडकी. तिला ३२ मिमीचा प्लॉसल आधी घ्या, झूम नंतर.

आरशाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाच्या दुप्पट ही विशालनाची ढोबळ वरची मर्यादा. २०० मिमीला ४०० पट कागदावर ठीक. प्रत्यक्षात हवा बहुतेक रात्री २०० ते २५० च्या पुढे जाऊ देत नाही. ६० मिमीच्या दुर्बिणीवर ५०० पट लिहिलेलं असेल तर तो आकडा गणितात येतो, डोळ्यात नाही.

एफ/४ किंवा एफ/५ च्या वेगवान दुर्बिणीत साध्या झूमच्या कडेचे तारे बिघडतात. तारा धूमकेतूसारखा, शेपूट बाहेरच्या दिशेला, असा दिसला तर तो आरशाचा कोमा. तो कोणत्याही आयपीसमध्ये दिसेल. तारा रेघेसारखा ताणलेला आणि फोकसर आतबाहेर केल्यावर ती रेघ ९० अंशांत फिरत असेल तर बहुधा तो आयपीसचा दृष्टिवैषम्य दोष. एफ/८ आणि पुढे हाच झूम कडेपर्यंत बराच नीट वागतो.

काय बिघडतं आणि का

सर्वांत जास्त सापडणारी भानगड: कडं फिरवायला गेलो की आख्खा आयपीसच फोकसरमध्ये फिरतो. खिळ, म्हणजे फोकसरचा थंबस्क्रू, घट्ट नसतो. दोन खिळी असतील तर दोन्ही आवळा. खिळी घट्ट असूनही काहीतरी फिरत असेल तर नळी आयपीसच्या अंगापासून सुटत असण्याची शक्यता आहे, कारण बऱ्याच झूममध्ये ती आट्यांवर बसवलेली असते. अंधारात नळी हळूहळू सुटत जाते, फोकस हलत राहतो आणि शेवटी आयपीस हातात येतो. दर वेळी सुरुवातीलाच नळी हाताने आवळून पाहा. कडं फिरवताना दुसऱ्या हाताने अंग धरा; डॉब्सोनियनचं तोंड हलत नाही आणि ग्रह जागेवर राहतो.

काही न्यूटोनियनमध्ये झूम फोकसलाच येत नाही: फोकसर पूर्ण आत ढकलला तरी तारा टिकलीसारखाच राहतो. या झूमचं फोकसचं ठिकाण आरशाच्या बाजूला जास्त आत असतं. दोन इंच–सव्वा इंच अडॅप्टर बुटका वापरून काही मिलिमीटर मिळतात. नाहीतर बार्लो लावा. तो फोकस बाहेर ढकलतो.

२४ ला मधोमध ठेवलेला ग्रह ८ ला कडेला जातो, हीही एक तक्रार. फोकसरमध्ये सैल बसलेला आयपीस हे साधं कारण. तसं नसेल तर कडं न हलवता आयपीस फोकसरमध्ये अर्धा वेढा फिरवा आणि पुन्हा झूम करून पाहा. ग्रह आता विरुद्ध बाजूला सरकत असेल तर आयपीसच्या भिंगांचा मध्य चुकलेला आहे. त्याच बाजूला सरकत असेल तर वस्तू मुळात मधोमध नव्हती किंवा फोकसर तिरका आहे. विकत घेताना ही तपासणी आधी करावी. थोडा सरक चालतो. दृश्याच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाहून जास्त असेल तर तो आयपीस घेऊ नका.

गट आतबाहेर सरकतात तेव्हा झूम हवाही आतबाहेर करतो, भात्यासारखी. त्यामुळे धूळ आत जाते आणि चंद्रावर काळे ठिपके म्हणून दिसते. कडं फिरवताना ठिपके तीव्र-पुसट झाले तर ती आतल्या भिंगावर आहे. झूम उघडू नका. मळसूत्रांच्या खाचा पुन्हा त्याच जागी जुळवणं घरी जमत नाही. बाहेरची भिंगं आधी रबरी फुग्याने, मग मऊ ब्रशने, आणि डाग असेल तरच भिंगाच्या द्रवाने, कागद हलका टेकवून पुसा. द्रव कागदावर घ्यायचा, भिंगावर ओतायचा नाही.

थंडीत आतलं ग्रीस घट्ट होतं आणि कडं जड फिरतं. जोर लावू नका. दहा मिनिटं खिशात ठेवून मग लावा. दव मात्र उलट बाजूने येतं. थंड भिंगावर श्वास पडला की तारे अचानक पुसट होतात आणि माणूस फोकसर फिरवत बसतो. पाहून झालं की झाकण लावायची सवय ठेवा.

चष्मा असलेल्यांसाठी: दूरचा किंवा जवळचा नंबर फोकसरने भरून निघतो, चष्मा काढून पाहा. सिलिंड्रिकल नंबर भरून निघत नाही. पण झोत दीड मिमीच्या खाली गेला की बुबुळाचा छोटासा मधला भागच वापरला जातो आणि तो दोष बहुतेकांना जाणवेनासा होतो. म्हणून २४ ला चष्मा हवा, ८ ला नको, असं एकाच व्यक्तीच्या बाबतीत होऊ शकतं. चष्मा लावून पाहताना रबरी कप दुमडा. डोळ्याचं भिंगापासूनचं सोयीचं अंतर पल्ल्यात बदलत असतं, म्हणून कडं फिरवलं की डोकं किंचित पुढेमागे करावं लागतं.

फिल्टर नळीच्या तळाला लागतो. लावण्याआधी एक खात्री करा: झूम टोकापासून टोकापर्यंत फिरवत खालून पाहा. काही झूममध्ये तळाचं भिंग एका टोकाला नळीच्या तोंडापर्यंत खाली येतं आणि फिल्टरला किंवा बार्लोच्या भिंगाला टेकू शकतं. सूर्यासाठी आयपीसला लावायचा गडद फिल्टर कधीही वापरू नका. तो तापून तडकतो. सूर्यासाठीचा फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावरच, घट्ट बसवलेला.

मोबाइल अडकवणार असाल तर कोणता भाग फिरतो ते पाहा. ज्या झूमचा वरचा कपच फिरतो त्यावर मोबाइलही फिरतो आणि त्याच्या वजनाने कडं आपोआप सरकतं. खुणांवर टिक् करून अडकणारे झूम अशा वेळी सरस.

वहीत वस्तू, वेळ आणि कडं जिथे थांबलं तो आकडा लिहीत जा. कड्यावरचे आकडे अंदाजी असतात. एक्झिट प्युपिलची टिकली पट्टीने मोजून तिला एफ आकड्याने गुणलं की त्या जागेचं ढोबळ नाभीय अंतर मिळतं. पंधरावीस रात्रींचे आकडे झाले की ग्रहांचे एकीकडे आणि दीर्घिकांचे दुसरीकडे असे झुबके दिसू लागतात. ग्रहांचा झुबका ९ च्या आसपास जमला असेल तर ९ मिमीचा चांगला, रुंद दृश्याचा एकच सुटा आयपीस घ्या. आकडे ७–१२ मध्ये सगळीकडे विखुरलेले असतील तर तुमच्याकडची हवाच रोज वेगळी आहे, आणि तिथे सुट्या आयपीसपेक्षा झूमच जास्त वेळा कामी येईल.